शेगडीची कॉइल बदलताना

विजेच्या शेगडीतली कॉइल म्हणजे नायक्रोमची, निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची, वेटोळी तार. विश्रांतवाडीतल्या भाड्याच्या खोलीत शेगडी बंद पडली, की तुटलेली टोके पिळून जोडण्याचा मोह नवख्याला होतोच. पण तार आखूड झाली की रोध घटतो, प्रवाह वाढतो. सैल सांधा तर लालबुंद होऊन पुन्हा तुटतो. 230 व्होल्टवर 1000 वॉटच्या तापलेल्या कॉइलचा रोध सुमारे 53 ओहम असावा लागतो. म्हणून नवीच घालावी. प्लग काढून, चिनी मातीच्या खाचेची लांबी सुतळीने मोजून, कॉइल तेवढीच आणि सारखी ताणावी. वेटोळी दाटली, की तिथेच ती आधी जळते. टोकांचे स्क्रू घट्ट आवळावेत. तार पत्र्याला टेकली, तर अर्थिंग नसलेली शेगडी शॉक देते.