निसरपुरात वीज निवडता येते?

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातलं निसरपूर सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलं. त्याच महिन्यात धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरलं. या धरणाच्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७, गुजरातचा १६. हे वाटे राज्यांचे. गाव सोडावं लागलेल्या घरांचा त्यात वाटा नाही, हे अन्यायाचं आहे.

मुंबईच्या उपनगरांत वीज टाटाची घ्यायची की अदानीची, हे ग्राहक ठरवतो. निसरपुरच्या विस्थापितांना मात्र पुरवठादार एकच, इंदूरची पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी. म्हणजे हातात उरतो तो फक्त वापर. मध्य प्रदेशाच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या घराला पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. १५० ओलांडले की त्या महिन्याची सवलत सगळीच जाते. उन्हाळ्यात १५० वॅटचा कूलर रोज १० तास चालला, तर एकट्याचे ४५ युनिट होतात.

चुकीच्या रीडिंगमुळे सवलत जाऊ नये म्हणून बिलावरचं रीडिंग मीटरशी ताडून पाहा. आकडा जुळत नसेल तर वितरण केंद्रात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.