अंबर नेमकं कोणत्या झाडाचं?

गैरसमज : अंबर म्हणजे दगड झालेला डिंक.

वस्तुस्थिती : बाभळीचा डिंक शर्करांच्या साखळ्यांचा असतो, पाण्यात विरघळतो; त्याचं अंबर होत नाही. अंबर होतं ते राळेचं. राळेतली टर्पीन संयुगं पाण्याला दाद देत नाहीत. जमिनीखाली ती एकमेकांत गुंतून कडक होतात. मध्य प्रदेशातल्या जामसांवली-सौसरकडे ओळखीच्या असलेल्या सालईतून डिंक आणि राळ एकत्रच पाझरतात, तेव्हा हा घोटाळा होणं साहजिक आहे.

गैरसमज : सगळं अंबर चीड-देवदाराच्या जातकुळीचं.

वस्तुस्थिती : बाल्टिक अंबर सूचीपर्णी झाडांचं आहे, हे खरं. पण सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सापडलेलं, पाच कोटी वर्षांहून जुनं अंबर वेगळं निघालं. रंगावरून ते कळलं नसतं. त्याचा कण तापवून रेणू फोडतात, वायू-वर्णलेखनाने वेगळे करतात आणि वस्तुमानावरून ओळखतात. त्यात कॅडिनीन गटाची संयुगं मिळाली. ही सालवृक्षाच्या कुळाची, म्हणजे डिप्टेरोकार्पेसीची, खूण. आयआयटी मुंबईचे सूर्येंदु दत्ता या संशोधनात होते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, याच अंबरावरच्या वेगळ्या अभ्यासात 150 किलो अंबरातून 700 संधिपाद जीव मिळाल्याची नोंद आहे. हे अंबर द्रावकात विरघळतं, त्यामुळे आतला कीटक अख्खा बाहेर काढता येतो. मला यातलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं.

गैरसमज : रसायनांनी झाड सांगितलं की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या इलिनॉयच्या कोळशात 32 कोटी वर्षांपूर्वीचं अंबर मिळालं. त्याची रासायनिक घडण फुलझाडांच्या राळेसारखी आहे, आणि फुलझाडं तर तेव्हा अस्तित्वातच नव्हती! म्हणून रेणूंच्या जोडीला त्याच थरातलं लाकूड आणि परागकणही तपासावे लागतात. गुजरातेत डिप्टेरोकार्प लाकडाची साक्ष मिळाली, म्हणून निष्कर्ष भक्कम ठरला.

वयाचंही तसंच. कार्बन पद्धत सुमारे 50 हजार वर्षांपलीकडे चालत नाही. अंबराचं वय भोवतालच्या खडकावरून ठरतं.

आणि झाडाचं प्रत्येक जीवाश्म अंबर नसतं: छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावकलांची, पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बीरबल सहानींनी अभ्यासलेली वनस्पती-जीवाश्मं अंबर नव्हेत. लाव्हाच्या थरांमधल्या गाळातली ती झाडं-फळं सिलिका मुरून दगड झाली आहेत. असा तुकडा दिसला तर खिशात घालू नका. जागेचा आणि थराचा फोटो काढा, जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा. थरापासून तोडलेल्या जीवाश्माचं वय ठरवणं फार अवघड होतं.