संकल्प आणि औषध : व्यसनमुक्तीचा पहिला आठवडा

रायगडच्या किनाऱ्यावर उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन अशा बाजारपेठांची एक साखळी आहे. नारळीच्या बागा आणि कोळीवाडे यांच्या शेजारी किराणा, कापड आणि सराफीची दुकाने चालविणारी जैन कुटुंबे येथे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. गिऱ्हाइकाच्या घरात दारू शिरली की त्याची पहिली वर्दी उधारीच्या वहीला लागते, हे या कुटुंबांना चांगले ठाऊक आहे. ती आपल्याच घरात शिरली तर मात्र वही मिटली जाते. मुलामुलींची स्थळे, पेढीची पत, समाजातले नाव यांच्या धास्तीने आजार दडवला जातो आणि उपाय घराच्या चार भिंतींत शोधला जातो. मग एखादा मुहूर्त धरून ‘आजपासून बंद’ असा निश्चय होतो. निश्चय शुद्ध असतो. परंतु त्या निश्चयाला शरीर किती साथ देईल, याचा विचार कोणी केलेला नसतो. व्यसन सोडताना औषधाचे स्थान कोणते आणि संकल्प, सत्संग, समुपदेशन यांचे स्थान कोणते, हे प्रत्येक कुटुंबाने वेळेपूर्वी जाणून घ्यावे असा हा विषय आहे.

रेवदंड्याची परंपरा

वैद्यकेतर मार्गाचे सर्वांत मोठे उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ साली दासबोधाच्या निरूपणाची बैठक सुरू केली. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी एकत्र यावे, निरूपण ऐकावे आणि आचरणात बदल करावा, इतकी साधी तिची रीत. आगरी, कोळी आणि कष्टकरी वस्त्यांतील असंख्य घरांत या बैठकीमुळे दारू सुटल्याचे रायगडात सर्वत्र सांगितले जाते. नानासाहेबांचे २००८ साली निधन झाले. त्यांचे पुत्र आप्पासाहेब यांनी हे कार्य पुढे नेले आणि २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या यशाचे मर्म शपथेइतकेच संगतीत आहे. दारू पिणाऱ्याची संध्याकाळ गुत्त्याच्या ओळखीत जाते. बैठकीने त्याला दुसरी मंडळी दिली, आठवड्याला एक बांधील वेळ दिली आणि पुन्हा ताठ मानेने उभे राहण्याची जागा दिली. जैन समाजालाही हा मार्ग परका नाही. सप्तव्यसनांच्या त्यागात मद्याचा त्याग येतोच आणि साधू-साध्वींच्या सान्निध्यात नियम घेऊन व्यसन कायमचे सोडलेली माणसे प्रत्येक संघात आढळतात.

तथापि, कधीमधी किंवा बेताने पिणाऱ्याने नियम घेणे आणि दहा-पंधरा वर्षे रोज पिणाऱ्याने एका रात्रीत दारू तोडणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला बहुधा मनोबल पुरते. दुसऱ्याच्या बाबतीत प्राणाचा प्रश्न असतो.

शरीरात काय घडते

मद्य मेंदूचे काम मंदावते. ते रोज मोठ्या प्रमाणात मिळू लागले की मेंदू त्याची भरपाई म्हणून आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. मद्य एकाएकी थांबले की ही वाढलेली उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या प्याल्यानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, दरदरून घाम येतो, मळमळते, छातीत धडधडते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. काही रुग्णांत दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम सुरू होतो. माणूस वेळ-काळ विसरतो, नसलेली माणसे आणि किडे त्याला दिसतात, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास तीत मृत्यू ओढवू शकतो.

घरातील मंडळी अनेकदा याला बाहेरची बाधा समजतात किंवा ‘दोन दिवस सहन कर’ म्हणून खोलीला कडी घालतात. ज्याला सकाळी उठल्यावर हाताचा कंप थांबविण्यासाठी पहिला घोट घ्यावा लागतो, ज्याला पूर्वी दारू सोडताना झटका किंवा भ्रम झाला होता, ज्याचे यकृत बिघडले आहे, ज्याचे वय झाले आहे किंवा जो दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही घेतो, अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारू अचानक बंद करू नये. ताडीत क्लोरल हायड्रेटसारखे गुंगीचे रसायन मिसळल्याची प्रकरणे महाराष्ट्रात वेळोवेळी उघड झाली आहेत. अशा ताडीची सवय तुटतानाही असाच धोका संभवतो.

औषधाचे काम

या पहिल्या आठवड्यासाठी वैद्यकशास्त्राकडे खात्रीचे उपाय आहेत. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा, यकृत दुबळे असल्यास, लोराझेपाम यांपैकी एक औषध देऊन मेंदूची उत्तेजना आवरली जाते आणि त्याची मात्रा काही दिवसांत उतरवीत नेऊन ते थांबविले जाते. या औषधांचीही सवय लागते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात, औषधाच्या दुकानातून परस्पर आणून नव्हे. त्याबरोबर थायमिन म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार देतात. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा साठा संपलेला असतो. त्याच्या अभावी दृष्टी, तोल आणि स्मृती यांना कायमची इजा होऊ शकते. थायमिनशिवाय नुसते ग्लुकोजचे सलाईन लावणेही अशा रुग्णाला अपायकारक ठरू शकते.

येथे उपवासाबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पर्युषणात व्यसनही सोडावे आणि अठ्ठाईही करावी, असा उत्साह एखाद्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दारू तुटण्याचा काळ आणि दीर्घ उपवास एकत्र आले तर थायमिन, क्षार आणि पाणी या तिन्हींची तूट एकदम वाढते. तपश्चर्या नंतरही करता येते. पच्चक्खाणातच आगार म्हणजे अपवाद सांगितलेले आहेत आणि आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीकही त्यांत आहे. चौविहारामुळे रात्रीच्या मात्रेची अडचण असेल तर डॉक्टर आणि गुरुमहाराज या दोघांशी आधीच बोलून घ्यावे. जिलेटिनच्या कॅप्सूलला हरकत असेल तर तेही सांगावे. यांतील बहुतेक औषधे गोळीच्या रूपात मिळतात.

आणखी एक घातक प्रघात म्हणजे पिणाऱ्याच्या नकळत जेवणात औषध मिसळणे. डायसल्फिराम या औषधाचा मद्यविरोधी उपयोग १९४८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी जगापुढे आणला. ते पोटात असताना मद्य घेतले तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रुग्णाच्या संमतीने आणि तपासणीनंतर ते उपयोगी ठरते. चोरून दिले तर हृदयविकार असलेल्याचा त्यात जीवही जाऊ शकतो. ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत नेमके काय आहे, हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. जो माल पारखता येत नाही तो व्यापारी दुकानात ठेवत नाही. घरातल्या माणसाच्या ताटात तर तो मुळीच घालू नये.

गर्दची वेगळी वाट

गर्द आणि इतर अफूजन्य पदार्थ सोडताना होणाऱ्या यातनांना व्यसनींच्या बोलीत ‘टर्की’ म्हणतात. अंग मोडून येते, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात. एरवी धडधाकट असलेल्या तरुणाच्या जिवाला यात सहसा धोका नसतो. खरा धोका नंतर येतो. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सहनशक्ती उतरते. मग एखाद्या दुबळ्या क्षणी जुन्याच मात्रेने घेतलेला डोस श्वास थांबवू शकतो. म्हणूनच अशा रुग्णांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध दीर्घकाळ चालू ठेवण्याची पद्धत जगभर मान्य आहे. ‘एका नशेऐवजी दुसरी’ अशी तिची संभावना करणे अन्यायाचे आहे. या औषधाने अनेक तरुण जिवंत आणि कामावर राहिले आहेत. २०२३ च्या ऑगस्टअखेरीस श्रीवर्धन ते अलिबाग या पट्ट्यात चरसची पाकिटे समुद्रातून वाहून आली होती. अमली पदार्थांचा प्रश्न फक्त महानगरांचा आहे, ही समजूत त्या घटनेनंतर सोडलेली बरी.

आठवड्यानंतरचे आयुष्य

औषधाने पहिला आठवडा निभावतो. परंतु आठव्या दिवशी माणूस त्याच घरात, त्याच मित्रांत आणि त्याच संध्याकाळीत परत येतो. म्हणून केवळ औषधावर थांबलेला उपचार फार काळ टिकत नाही. महाराष्ट्रात हे प्रथम मोठ्या प्रमाणावर ओळखले ते पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. अनिल अवचट यांचे गर्दवरील लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी त्याला आकार दिला. तेथे आरंभीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीचे असतात. त्यानंतर समुपदेशन, योग, गटचर्चा, श्रम असा सुमारे पाच आठवड्यांचा क्रम असतो. व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे तेथे कार्यकर्ते होतात. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, कारण आजार एकाचा असला तरी त्याची झळ घराला लागलेली असते.

मद्यपींचा स्वमदत गट म्हणून जगभर पसरलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा आरंभही विचार करण्याजोगा आहे. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी उभी राहिली. तिचे संस्थापक बिल विल्सन यांची दारू सुटली ती डिसेंबर १९३४ मध्ये, न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली असताना. ज्या मार्गात औषध नाही, तो मार्ग दाखविणाऱ्याची स्वतःची पहिली पायरीही रुग्णालयातच होती.

समुपदेशनाची ताकद आपल्या शेजारच्या गोव्यातही तपासून पाहिली गेली आहे. संगाथ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी ज्यांच्याशी काही बैठकांत संवाद साधला, त्यांच्यापैकी ३६ टक्के तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीबाहेर आले. नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला. अवलंबित्व जडण्यापूर्वीच कोणी आपुलकीने आणि पद्धतशीर बोलले तर औषधाविनाही पुष्कळ साधते, हा त्याचा अर्थ.

कायदा आणि लाज

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के भारतीय मद्य घेतात. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणते तरी उपचार मिळालेले असतात. बाकीच्यांना अडविणाऱ्या गोष्टींत लाजेचा वाटा मोठा आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित विकारांना मानसिक आजार मानले आहे. त्यामुळे रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क आहे, त्याला साखळदंडाने बांधणे हा कायद्याचा भंग आहे आणि मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. पॉलिसीच्या अटी मात्र आधी तपासून घ्याव्यात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. केंद्र निवडताना ते नोंदणीकृत आहे का, डॉक्टर रात्रीही उपलब्ध असतात का आणि नातेवाइकांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. माहितीसाठी व्यसनमुक्तीची १४४४६ आणि मानसिक आरोग्याची १४४१६ या शासकीय दूरध्वनी सेवा विनामूल्य आहेत.

येत्या चातुर्मासात एखाद्या घरातील मुलगा किंवा वडील दारू सोडण्याचा नियम घेण्यास तयार होतील. कुटुंबाने त्या दिवसाआधी एक काम करावे: त्यांना अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे, किती आणि केव्हापासून पितात हे न लपवता सांगावे आणि दारू थांबविण्याची तारीख डॉक्टरांबरोबर ठरवावी. त्यानंतर घेतलेला नियम कमी पवित्र ठरत नाही. तो पाळणारा माणूस तो पाळण्यासाठी सुखरूप राहतो.