पेशीतले वीजघर

सकाळी खाल्लेल्या ज्वारीच्या भाकरीवर तुम्ही दिवसभर धावता. ही ऊर्जा मिळते कोठे? मुख्यतः पेशीतील तंतुकणिकांमध्ये. पूर्णा नदीवरील येलदरी धरण आठवा. अडवलेले पाणी खाली येताना टर्बाइन फिरवते व वीज निर्माण होते. तंतुकणिकेतही तसेच घडते. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जाताना आतील पटलापलीकडे प्रोटॉन ढकलले जातात. विभवांतर जेमतेम ०.१५ व्होल्ट, म्हणजे विजेरीच्या सेलच्या दहावा हिस्सा! परतणारे प्रोटॉन एक सूक्ष्म चक्र फिरवतात व एटीपी तयार होते. या उपपत्तीबद्दल पीटर मिचेल यांना १९७८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्सिजन थांबला, की हे ‘धरण’ भरत नाही. म्हणूनच श्वास कोंडल्यास मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात.