मोबाईलची वायर घेताना काय पाहाल?

सोयाबीन गुडघ्याला लागले आहे आणि पीक पाहणीची मुदत चार दिवसांवर आली आहे. रात्रभर मोबाईल चार्जिंगला लावून सकाळी आपण बांधावर जाता, गट नंबर निवडता, फोटोसाठी मोबाईल वर धरता आणि पडदा काळा होतो. घरी आल्यावर पहिले वाक्य ठरलेले असते, "गावात व्होल्टेजच नाही हो." दुसरे, "बॅटरी गेली वाटतं." मग तालुक्याला जाऊन हजार-बाराशेची नवी बॅटरी टाकली जाते, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच रडगाणे.

शेतकरी बंधूंनो, यात जिच्यावर कुणाचा संशय जात नाही ती वस्तू म्हणजे चार्जिंगची वायर. एसटी स्टँडवर किंवा आठवडी बाजारात पन्नास रुपयांत मिळते, रंगही छान असतो. पण आज सातबारावरची पिकाची नोंद मोबाईलवर होते. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५ हजार रुपयांचे अर्थसाहाय्य जाहीर झाले तेव्हा सुरुवातीला याच नोंदीवरून नावे काढली गेली. नोंद राहिलेल्यांना किती हेलपाटे पडले, हे आपल्याला ठाऊकच आहे.

आधी व्होल्टेजचे पाहू. आपल्या चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरात इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. म्हणजे संध्याकाळी दिवे मिणमिणत असले, घरात १६० व्होल्टच येत असले, तरी चार्जर आपले काम करतो. खरी गळती त्याच्या पुढे, वायरमध्ये होते.

हे समजायला आपल्याला वेगळे शास्त्र शिकायला नको. बोअरमध्ये खोलवर मोटार सोडताना अडीचच्या ऐवजी चारची केबल का घेतो? बारीक केबलने वरचे व्होल्टेज खाली पोचेपर्यंत पडते, मोटार तापते आणि पाणी कमी फेकते. मोबाईलच्या वायरीतही तोच हिशेब आहे, फक्त आकडे लहान. साधा चार्जर ५ व्होल्ट देतो. आत केसासारखी २८ गेजची तार असेल, तर एक मीटर लांबीत २ अँपिअर करंट जाताना जाऊन-येऊन सुमारे ०.८५ व्होल्ट वाटेतच खपतात. मोबाईलपर्यंत पोचतात जेमतेम ४.१५. बॅटरी पूर्ण भरायला आतून याहून थोडे जास्तच लागते, म्हणून मोबाईल स्वतःच करंट कमी घेतो आणि फार हळू भरतो. तीच तार २४ गेजची असेल तर पडझड सुमारे ०.३४ व्होल्टवर येते. दोन मीटरची वायर घेतली की दोन्ही आकडे दुप्पट करा. खाटेपर्यंत पोचावी म्हणून तीन मीटरची वायर घेणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे.

गेजचा आकडा उलटा चालतो, हे मात्र ध्यानात ठेवा. आकडा मोठा तितकी तार बारीक. बऱ्या वायरीवर, दिव्याजवळ धरून पाहिले तर, २८ एडब्ल्यूजी/१पी आणि २४ एडब्ल्यूजी/२सी अशी इंग्रजी अक्षरे छापलेली दिसतात. पहिला आकडा माहिती नेणाऱ्या तारांच्या जोडीचा, दुसरा करंट नेणाऱ्या दोन तारांचा. आपल्याला दुसरा पाहायचा. काहीच छापलेले नसेल तर वरचे जाड रबर पाहून फसू नका. आत तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियमही निघते.

आता दुसरी गोष्ट, आणि ही ग्रामपंचायतीत व सेवा केंद्रात बसणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाची. साध्या वायरीत चार तारा असतात. लाल आणि काळी करंटची, हिरवी आणि पांढरी माहितीची. स्वस्त वायरीत पुष्कळदा हिरवी-पांढरी नसतेच. मोबाईल चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला लावला तर कॉम्प्युटरला त्याचा पत्ता लागत नाही. पंचनाम्याचे फोटो मोबाईलमध्ये अडकून बसतात. अंगठ्याच्या मशीनला अशी वायर लावली तर मशीनचा दिवा लागेल, अंगठा मात्र उमटणार नाही, आणि सकाळपासून रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीला "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" असे सांगितले जाईल. सर्व्हरला दोष देण्याआधी वायर बदलून पाहिली तर कितीतरी लोकांचा दिवस वाचेल.

उंदराने कुरतडलेली वायर आपण लाल-काळी जोडून, वर टेप गुंडाळून वापरतो. तिचेही असेच होते. चार्जिंगपुरती चालते, माहितीला निकामी. शिवाय जोड सैल असेल तर तिथे तापते. घरात गवत-कडबा, वर पांघरुणे. अशी वायर सरळ फेकून द्या.

वायर चांगली असूनही कॉम्प्युटरवर फोटो दिसत नसतील तर मोबाईलचा पडदा वरून खाली ओढा. कॉम्प्युटरला लावल्यावर अँड्रॉइड मोबाईल बहुधा फक्त चार्जिंगवर असतो. तिथे फाइल ट्रान्सफर निवडावे लागते. हे करूनही काही दिसले नाही, तर शेजाऱ्याची वायर लावून बघा. तिच्याने दिसले की निकाल लागला.

पिनीबद्दल थोडे. जुनी बारीक पिन एकाच बाजूने बसते, उलटी दाबली की मोबाईलचे तोंड खराब होते. नवी सी टाईप पिन दोन्ही बाजूंनी बसते. युरोपातील देशांनी डिसेंबर २०२४ अखेरपासून नव्या मोबाईलना सी टाईप सक्तीची केली, आणि आयफोननेही २०२३ साली आपली वेगळी पिन सोडून हीच घेतली. त्यामुळे आता घराघरात एकच पिन येईल. सोय आहे, पण पिन एक झाली म्हणून वायरी सारख्या झाल्या नाहीत. दोन्ही टोकांना सी असलेली साधी वायर ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटपर्यंत नेते. मोठ्या लॅपटॉपला १०० वॅट हवे असतील तर ५ अँपिअरची, आत खुणेची चिप असलेली वायर लागते. शिवाय काही कंपन्यांचे जलद चार्जिंग त्यांच्याच चार्जर-वायरीच्या जोडीवर चालते. अशा मोबाईलची डब्यातली मूळ वायर पोरांच्या हाती देऊ नका.

एक गंमत सांगतो. सी टाईपची स्वस्त टॉर्च दोन्हीकडे सी असलेल्या वायरीने अजिबात चार्ज होत नाही आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. अशा वायरीचा चार्जर समोरच्या वस्तूकडून इशारा मिळाल्याशिवाय करंट सोडत नाही, आणि इशारा देणारा पैशा-दोन पैशांचा भाग टॉर्च करणाऱ्याने वाचवलेला असतो. जुन्या रुंद तोंडाच्या चार्जरची, एका टोकाला सी असलेली वायर लावा, टॉर्च चालू होईल.

फवारणी पंपाचा चार्जर मात्र या सगळ्यातून वेगळा ठेवा. तो १२ व्होल्टच्या बॅटरीचा असतो. गोल पिन बसते म्हणून तो दुसऱ्या कशाला लावला तर ती वस्तू जळते.

परगावी एसटी स्टँडवर किंवा रेल्वेत अनोळखी पॉइंटला मोबाईल लावायची वेळ आली तर घरातली ती बिनमाहितीची स्वस्त वायर कामाची. अशा सार्वजनिक पॉइंटमधून मोबाईलमधली माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेही दिलेला आहे. हिरवी-पांढरी तारच नसेल तर चोरणार कुठून? म्हणून ती फेकू नका. लाल टेपचा तुकडा लावून पिशवीत ठेवा.

घरातल्या वायरी तपासायच्या असतील तर मोबाईल वीस टक्क्यांवर आला की एका वायरीने अर्धा तास लावा, किती चढले ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तोच चार्जर, तेवढीच बॅटरी, दुसरी वायर. अर्ध्या तासात एक पंधरा टक्के चढवते आणि दुसरी पाच, असे दिसले तर पाचवालीचे काय करायचे ते आपल्याला समजले. दोन्ही सारख्याच हळू असतील तर मोबाईलच्या तोंडात कापसाचे तंतू किंवा माती साचली आहे का पाहा. मोबाईल बंद करून दात कोरायच्या लाकडी काडीने हलक्या हाताने काढा. सुई घालू नका.

आणि दुकानात गेलात की "वायर द्या" एवढेच म्हणू नका. एक मीटरची, डाटा चालणारी, तीन अँपिअरची द्या, आणि आत्ताच कॉम्प्युटरला लावून दाखवा, असे म्हणा. दुकानदार कुरकुरेल. पण दाखवेल.