मागे हटायची किंमत

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर लढाई जुंपली की पहिल्या फेरीत सगळे धावतात. तलवारवाला पुढे झेपावतो, धनुर्धारी खांबाआड जातो, मांत्रिक अंतर राखून उभा राहतो. दुसऱ्या फेरीपासून मात्र बहुतेक टेबलांवर जो तो जिथे पोचला तिथेच खिळतो आणि शत्रू मरेपर्यंत फासे पडत राहतात. ज्या खेळात जळत्या गोदामातली किंवा हलत्या पुलावरची झुंज रंगवता येते, त्यात माणसं जागची हलत का नाहीत? कारण नियमातच आहे. शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पाऊल टाकलं की त्याला एक फुकटचा वार मिळतो. थांबायला काही पडत नाही, हलायला रक्त सांडावं लागतं. या खेळातल्या हालचालींसाठी जगभरच्या टेबलांवर जे घरचे नियम शिजत आले, त्यांतले बरेचसे या एका हिशेबाशी झगडतात: जागा सोडायची किंमत किती असावी आणि ती कुणी मोजावी?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेमुळे हा खेळ आता मराठी घरांतही ओळखीचा झाला आहे. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग आणि शत्रू चालवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. पुस्तकं जाडजूड असली तरी प्रत्येक टेबल त्यांत आपली भर घालतंच. ‘एक टप्पा आउट’ किंवा ‘जोशांच्या गॅलरीत गेला तर आउट’ हे गल्ली क्रिकेटचे नियम जसे त्या गल्लीच्या रुंदीतून जन्मले, तसेच हे. खेळणारे किती, वेळ किती, कुणाला डावपेच आवडतात आणि कुणाला गोष्ट, यावरून ते ठरतात. शिवाय 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेल्या पहिल्या तीन पुस्तिकांत इतक्या जागा मोकळ्या होत्या की घरचे नियम केल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नसे.

मोजायचं किती आणि डीएमने नजरेने ठरवायचं किती, हा वाद मात्र या खेळाहून फार जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात धाकट्या राइसवित्झने 1824 साली क्रीगस्पील हा युद्धखेळ रूढ केला. 1:8000 प्रमाणाचा नकाशा आणि दोन मिनिटांची एक खेळी. तेवढ्या वेळात पायदळ किती सरकेल, घोडदळ किती, याचे ठरलेले आकडे. पुढे अधिकारी त्या आकड्यांना कंटाळले. 1876 मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या जनरलने तक्ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा असं मांडलं. एच. जी. वेल्सने 1913 च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये पुन्हा मोजणी सोपी करून आणली: दिवाणखान्याच्या फरशीवर पायदळ एक फूट, घोडदळ दोन फूट. पुढची शंभर वर्षं हा लंबक असाच हलत राहिलेला दिसतो.

गायगॅक्स याच परंपरेतला. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात, त्याच्या घराच्या तळघरात वाळूचं टेबल होतं आणि त्यावर मध्ययुगीन सैन्याच्या लढाया चालत. जेफ पेरेनबरोबर लिहिलेलं 1971 चं ‘चेनमेल’ हे त्या लढायांचं नियमपुस्तक. म्हणूनच डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये वेग इंचांत आला: हलक्या माणसाला 12, जड चिलखतवाल्याला 6. भुयारात एक इंच म्हणजे दहा फूट, उघड्यावर दहा यार्ड. त्यात अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीने एक फेरी पूर्ण एका मिनिटाची धरली. मिनिटभरात झटापट, हुलकावण्या, मागेपुढे होणं सगळं घडून गेलं असं मानायचं आणि वाराचा फासा एकदाच टाकायचा. या पद्धतीत कोण नेमका कुठे उभा आहे याला फारसा अर्थच उरत नाही. जुन्या टेबलांवर पटाशिवाय, नुसत्या बोलण्यावर लढाया सहज चालत, याचं मोठं कारण हे लांबलचक मिनिट आहे असं मला वाटतं.

याच काळातला एक नियम मात्र मला आजही अतिशय सुरेख वाटतो. टॉम मोल्डव्हेने 1981 साली संपादित केलेल्या बेसिक पुस्तिकेत लढाईतून निघायच्या दोन वाटा दिल्या होत्या. पहिली वाट लढत लढत मागे सरकायची: निम्म्या किंवा त्याहून कमी वेगाने, शत्रूकडे तोंड ठेवून. यात फुकटचा वार नाही, पण शत्रू पाठोपाठ येऊ शकतो. दुसरी वाट सरळ पळ काढायची: यात पाठ उघडी पडते, शत्रूला नेम साधायला +2 मिळतात आणि ढालीचा उपयोग राहत नाही. एवढ्या दोन-चार ओळींत माघारीचे दोन स्वभाव आले: एक सावध, एक घाबरलेला. आणि खेळाडूला खरी निवड मिळाली.

मग चौकोन आले. ‘कॉम्बॅट अँड टॅक्टिक्स’ या 1995 च्या पुस्तकात आखीव पट आणि फुकटच्या वाराची संधी या दोन्ही गोष्टी होत्या. त्याच्या दोन लेखकांपैकी स्किप विल्यम्स पुढे जोनाथन ट्वीट आणि माँटी कुक यांच्याबरोबर तिसऱ्या आवृत्तीच्या कामाला बसला, आणि 2000 साली हे सगळं मूळ नियमांत आलं. सहा सेकंदांची फेरी, पाच फुटांचा चौकोन, तीस फुटांचा वेग, म्हणजे सहा घरं. आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत चार चौकोन बसतात. चार माणसं उभी राहिली की खोली भरली. मोजणीची ही नेमकी जाणीव डावपेच आवडणाऱ्यांना फार भावली.

पण याच आवृत्तीने योद्ध्याला जमिनीत रोवलं. सहाव्या पातळीला त्याला एका फेरीत दुसरा वार मिळे, पण दोन्ही वार हवे असतील तर अख्खी फेरी त्यातच घालवायची, पाच फुटांच्या एका पावलापलीकडे हलायचं नाही. पाच फुटांहून जास्त हललास तर एकच वार. म्हणजे योद्धा जितका कसलेला, तितकी त्याला चालायची किंमत जास्त! त्या काळी सुचणारा साधा घरचा नियम म्हणजे चालूनही सगळे वार करू द्यायचे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने नेमकं तेच पुस्तकात आणलं: थोडं चाला, वार करा, पुन्हा चाला, दुसरा वार दुसऱ्यावर करा. दुसरंही असंच एक उदाहरण आहे. 2014 मध्ये मित्राच्या जागेतून जाताना दुप्पट चाल खर्ची पडायची. अनेक डीएम ते सोडून देत. 2024 च्या सुधारित पुस्तकाने ती अट काढूनच टाकली.

फुकटचा वार मात्र पाचव्या आवृत्तीतही राहिला. तो टाळायचा तर ‘डिसएंगेज’ करायचं, म्हणजे त्या फेरीतला वार सोडायचा. वीस मिनिटं आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या खेळाडूला हे नको असतं, म्हणून तो हलत नाही. यावरचा सर्वांत सोपा घरचा नियम म्हणजे फुकटचा वार रद्द करणं. तो सर्वांत वाईटही आहे. मांत्रिकाला वाचवायला दारात उभा राहिलेला योद्धा मग निरुपयोगी होतो, कारण गॉब्लिन त्याच्या बगलेतून निघून जातात. सगळ्यांना डिसएंगेज फुकट देणंही तितकंच चुकीचं, कारण चोराला दुसऱ्या पातळीवर मिळणारी हीच खासियत त्याच्याकडून काढून घेतल्यासारखं होतं. मला पटतो तो मोल्डव्हेच्या वाटेने जाणारा उपाय: पूर्ण वेग खर्च करून एकच घर मागे सरकायचं, शत्रूकडे तोंड ठेवून, फुकटचा वार नाही, पण समोरच्याला हवं तर तोही एक घर पुढे येईल. असं केलं की झुंज खोलीभर ढकलत-रेटत फिरते, दाराची राखण टिकते आणि चोराचं वेगळेपणही टिकतं. पाथफाइंडर या खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीने आणखी वेगळा तोडगा काढला. फेरीत तीन कृती, त्यांतली कोणतीही चालण्यासाठी वापरा, आणि फुकटचा वार योद्ध्यासारख्या मोजक्यांनाच. अनोळखी राक्षसासमोरून निघताना तो त्या मोजक्यांपैकी आहे की नाही हे कळत नाही, आणि तिथेच गंमत येते.

शत्रूला दोन बाजूंनी घेरण्याचा नियम सगळ्यांत जास्त वापरला जातो आणि सगळ्यांत जास्त बिघडतोही. तिसऱ्या आवृत्तीत त्याला +2 होते. पाचव्या आवृत्तीच्या डीएम मार्गदर्शकाने ऐच्छिक नियम म्हणून दोन फासे टाकून मोठा घ्यायची सवलत दिली. ही सवलत इतकी घसघशीत आहे की सगळे तीच मिळवायला धावतात आणि पटावर एक मित्र, एक शत्रू, एक मित्र अशी लांबच लांब रांग तयार होते. त्याहून मोठं नुकसान असं की हीच सवलत मिळवण्यासाठी मांत्रिक जो मंत्र खर्च करतो किंवा बार्बेरियन स्वतःला उघडं टाकून जी जोखीम घेतो, ती फुकट जाते. म्हणून अनेक टेबलं मुकाट्याने +2 कडे परतली आहेत, आणि ते योग्यच आहे.

पात्राचं तोंड कुठे वळलंय हे ठरवायचा नियम फार जणांना मोहवतो. स्टीव्ह जॅक्सनच्या 1977 च्या ‘मेली’ या छोट्या खेळात षट्कोनी घरांवर तो उत्तम चालतो, कारण त्या खेळात लढाईशिवाय दुसरं काही नाही. त्याच्याच 1986 च्या गर्प्समध्येही चालतो, कारण तिथे फेरी एका सेकंदाची. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या सहा सेकंदांत मात्र माणूस गर्रकन दहा वेळा वळू शकतो. तिथे तोंडाची दिशा नोंदणं म्हणजे वेळ खाणं. तिरप्या चालीचा प्रश्न निव्वळ भूमितीचा आहे. पाच घरं तिरपं गेल्यास खरं अंतर 35 फुटांच्या किंचित वर. पाचवी आवृत्ती ते 25 धरते, तर एकदा पाच, एकदा दहा असं मोजलं की बरोबर 35 येतात. गणित आवडणाऱ्यांनी जरूर मोजावं. बाकीच्यांनी 25 धरून पुढे जावं, लढाईचं काही बिघडत नाही.

पटाला कंटाळणाऱ्यांत पट आणणारेच पुढे होते, ही या इतिहासातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट. तिसऱ्या आवृत्तीचा जोनाथन ट्वीट आणि चौकोनांत सगळं मोजणाऱ्या 2008 च्या चौथ्या आवृत्तीचा रॉब हाइनसू, या दोघांनी मिळून 2013 साली ‘थर्टीन्थ एज’ लिहिला आणि त्यात एकही चौकोन ठेवला नाही. तुम्ही शत्रूला भिडलेले आहात, जवळ आहात किंवा दूर आहात, एवढंच. भिडल्यावर सुटायचं असेल तर वीस बाजूंच्या फाशावर 11 किंवा जास्त. पडलं नाही तर तुम्ही तिथेच अडकता, पण फुकटचा वार बसत नाही. मोजणी गेली, पण सुटण्याची किंमत त्यांनी जपली. 2011 च्या ‘द वन रिंग’ने तर जागाच काढून टाकली: आघाडीवर, मोकळं, बचावात की पिछाडीला, असा पवित्रा निवडायचा आणि धोका त्यावरून ठरवायचा.

नियम कितीही घासले तरी रिकाम्या चौकोनी खोलीत कुणी हलणार नाही, हे मात्र खरं. जाण्यासारखी जागा लागते. चढायला जिना, ढकलायला कठडा, ओढायला लोखंडी साखळी, फेरीगणिक वाढत येणारं पाणी. ‘बाल्डर्स गेट 3’ या 2023 च्या संगणकखेळात शत्रूला धक्का द्यायला मुख्य वार खर्चावा लागत नाही, आणि त्यातल्या बहुतेक रणभूमींना कडे आहेत. तो खेळून आलेली मंडळी टेबलावरही तोच नियम मागतात. द्यावा, पण खोलीला कडा असेल तरच त्याचा उपयोग.

आणि पळणं ही हालचाल तर जवळपास विसरलीच गेली आहे. मोल्डव्हेच्या पुस्तिकेत प्रत्येक राक्षसाला धीराचा आकडा असे. त्यांच्यातला पहिला मेला की, आणि निम्मे गळाले की, डीएमने दोन सहाबाजूंचे फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की त्यांचा धीर सुटायचा. हा नियम आजच्या टेबलावर परत आणायला काहीच अडचण नाही. आणला की मागे हटायची किंमत फक्त खेळाडूंनाच मोजावी लागत नाही. शेवटचे तीन गॉब्लिन भुयारात शिरतात, त्यांतला एक आत बातमी पोचवणार असतो, आणि खिळून उभा असलेला योद्धा आपला सगळा वेग वापरून त्यांच्या मागे धावत सुटतो.