विश्लेषण : थायलंडमध्ये मुक्काम आणि महासाथ… निघावे की थांबावे?

चीनबाहेर करोनाचा पहिला रुग्ण १३ जानेवारी २०२० रोजी थायलंडमध्ये नोंदला गेला. नोकरी, व्यवसाय किंवा निवृत्तीनिमित्त तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या परदेशी नागरिकांची, त्यात भारतीयही आले, पुढची दोन वर्षे कसोटी लागली. ही कसोटी आजारापेक्षा कागदपत्रांची अधिक होती. पुन्हा तशी वेळ आली तर काय करावे, हे त्या अनुभवातून बरेचसे ठरवता येते.

देश सोडावा का?

सर्वांत महाग पडला तो घाईने घेतलेला निर्णय. ४ एप्रिल २०२० पासून थायलंडने प्रवासी विमाने उतरू देणे थांबवले. जे बाहेर होते, ते बाहेरच राहिले. घर आणि सामान बँकॉक किंवा चिआंग माईत, भाडे चालू आणि भाडेकरू परदेशात, अशी अवस्था झाली. पुढे प्रवेश सुरू झाला, पण त्यासाठी थाई दूतावासाचे प्रवेश प्रमाणपत्र, एक लाख डॉलरचा विमा आणि स्वखर्चाने हॉटेलात विलगीकरण या अटी आल्या. भारतात दुसरी लाट उसळल्यावर तर १ मे २०२१ पासून इथून जाणाऱ्या बिगर-थाई नागरिकांचा प्रवेशच थांबवला गेला. आजारी आईवडिलांसाठी आलेल्यांना परत कधी जाता येईल, हे सांगणारे कुणी नव्हते.

अशा कारणासाठी निघायचे असेल तर कोणताही सल्ला तोकडा पडतो. पण निघण्यापूर्वी पुनर्प्रवेश परवाना म्हणजे ‘री-एंट्री परमिट’ घ्यावेच. एका वेळेसाठी १,००० बाथ, अनेक वेळांसाठी ३,८०० बाथ. तो नसेल, तर देशाबाहेर पाऊल पडताच वर्षभराची मुक्कामाची परवानगी रद्द होते. महासाथीच्या काळात दुसरा परवाना फायद्याचा. परतीची तारीख आपल्या हाती नसते.

सरकारी सवलतीवर विसंबावे का?

२६ मार्च २०२० पासून मुदत संपलेल्यांना आपोआप मुदतवाढ मिळाली. ती पुढे ३१ जुलै, मग २६ सप्टेंबर आणि नंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत लांबली. दिलासा खराच होता. पण तारखा बदलत असताना ‘अजून वाढेल’ या आशेवर बसणे धोक्याचे. मुदत उलटली की रोज ५०० बाथ, कमाल २०,००० बाथ दंड होतो आणि मुक्काम फार लांबला तर पुन्हा येण्यावर काही वर्षांची बंदी येते. नियमित मुदतवाढ मिळत असेल तर ती मागून घ्यावी. पारपत्राची तारीखही पाहावी. पारपत्र जिथवर वैध, तिथवरच मुदतवाढ मिळते.

नोकरी गेली तर?

कामाच्या व्हिसावर राहणाऱ्यांसाठी हे सर्वांत वाईट. नोकरी संपली की मुक्कामाचा आधारच संपतो. त्यामुळे कामाचा शेवटचा दिवस लेखी ठरवून घ्यावा आणि त्याआधीच इमिग्रेशन कार्यालय गाठावे. दर ९० दिवसांनी पत्ता कळवण्याचा नियमही विसरू नये.

विम्यात काय पाहावे?

थायलंडमध्ये सुरुवातीला लक्षणे नसलेल्या बाधितांनाही रुग्णालयात ठेवले जात असे. ‘वैद्यकीय गरज नव्हती’ म्हणून पैसे नाकारले जाण्याची शक्यता इथेच असते. सक्तीच्या दाखल होण्याचा खर्च मिळेल का, हे विमा कंपनीला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवावे. पगारातून सामाजिक सुरक्षेचा हप्ता जात असेल, तर त्यातील नेमून दिलेले रुग्णालय कोणते, तेही माहीत हवे.

आणि लस, मास्क?

लसीच्या थाई अ‍ॅपवर नोंदणीसाठी १३ आकडी ओळख क्रमांक लागत होता. बहुतेक परदेशी तिथेच अडकले. त्यांच्यासाठी वेगळी सोय नंतर झाली. हा क्रमांक असलेले ‘गुलाबी कार्ड’ मिळण्याजोगे असेल, तर ते निवांत काळातच काढावे. मास्कच्या नियमाला मात्र कुणी अपवाद नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये खुद्द पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांना ६,००० बाथ दंड झाला.

आपत्कालीन रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९, रोगनियंत्रण विभागाचा १४२२. फोनवर थाई बोलता येत नसेल, तर इमारतीचे नाव आणि पत्ता थाई लिपीत लिहून दाराशी लावावा आणि फोन खालच्या सुरक्षारक्षकाच्या हाती द्यावा.